थांबली की संपली?

हौशी : काका, पुतणीचा फोन होता. तिकडे न्यू जर्सीत तिने घरी संत्र्याची वाइन लावली आहे आणि ती मध्येच अडकली आहे. लावली तेव्हा हायड्रोमीटरवर रसाची घनता १.०९० होती. पहिले काही दिवस बरणी नुसती खदखदत होती, मग बुडबुडे मंदावले, आणि आता आकडा १.०३० वर येऊन बसला आहे. दोन आठवडे तसूभर हललेला नाही. हिशेब सरळ आहे. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की एक टक्का मद्यार्क तयार होतो. तिच्या बरणीत आठेक टक्के झाला, जायचं होतं बाराच्या आसपास. लिटरमागे सत्तर-ऐंशी ग्रॅम साखर अजून शिल्लक आहे आणि यीस्ट त्याकडे बघायला तयार नाही. मी म्हणतो, हा आजार आहे आणि त्यावर उपाय आहे. ऊब द्यायची, खाद्य द्यायचं, नवं यीस्ट तयार करून घालायचं. घाबरण्यासारखं काही नाही, पण हातावर हात ठेवून बसण्यासारखंही नाही.

शंकेखोर : आजार आहे हे कोणी ठरवलं? थांबली एवढंच तुला दिसतंय. माझ्या वडिलांनी अकोल्याच्या याच जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर, उभा जन्म आसवं-अरिष्टं केली. त्यांचं एकेक संधान गोड असतानाच थांबायचं. कोणी त्याला अडकलं म्हटलं नाही. सिद्ध झालं, गाळून घ्या, म्हणायचे. द्राक्षासव तू प्यायला आहेस, ते काय कोरडं असतं? आयुर्वेदाच्या शार्ङ्गधरसंहितेत तर मापच दिलं आहे. ज्या अरिष्टाचं प्रमाण सांगितलेलं नाही, त्यात एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दहावा हिस्सा प्रक्षेपाची चूर्णं. आता तुझ्या लिटर-किलोत मोजून बघ.

हौशी : मोजतो. आजच्या प्रचलित मापाने द्रोण म्हणजे सव्वाबारा लिटरच्या थोडा वर, तुळा म्हणजे ४.८ किलो. म्हणजे सव्वाबारा लिटर काढ्यात ४.८ किलो गूळ आणि २.४ किलो मध. गुळातलं आणि मधातलं पाणी वजा केलं, विरघळल्यावर वाढणारा आकारही धरला, तरी लिटरमागे साडेतीनशे ग्रॅमच्या वर साखर होते. ती सगळी आंबली तर वीस टक्के मद्यार्क व्हायला हवा, आणि तो होणं जवळपास अशक्य. बाहेरून साखर पेशीतलं पाणी ओढून घेते, आणि जसजसा मद्यार्क वाढतो तसतसं पेशीचं आवरण सैल पडत जातं. या दोन्हींच्या कात्रीत यीस्ट वाटेतच थांबणार. म्हणजे काका, तुमच्या वडिलांचं संधान आपोआप थांबत नव्हतं. थांबणं त्या मापातच लिहिलेलं होतं. पुतणीच्या मापात ते लिहिलेलं नाही. १.०९० ही कुठल्याही धडधाकट यीस्टने शेवटापर्यंत न्यावी अशी साखर आहे. तिथे आठ टक्क्यांवर थांबणं म्हणजे काहीतरी बिघडलंच आहे.

शंकेखोर : बरं, एवढं मान्य. पण तू हेतू मापातून वाचतोस आणि मी म्हणतो हेतू माणसाला विचारावा. कायद्याचंच बघ ना. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आपल्या राज्यात आजही आहे. इथे मोर्णेच्या काठी कोणी घरी संत्र्याची वाइन लावली तर ती परवान्याशिवाय केलेली दारू, मग ती विकायची असो की नातेवाइकांना पाजायची. तिकडे अमेरिकेत घरात दोन प्रौढ असले तर वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत मुभा, विकायची तेवढी नाही. आणि १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याला सांगितलं की मद्यार्क असलेल्या औषधांना दारूच्या दावणीला बांधता येणार नाही. म्हणून औषधाचा परवाना असलेला माणूस आजही आसव करू शकतो. बरणी तीच, यीस्ट तेच, रसायनही तेच. फरक कशाचा? ते कशासाठी केलं याचा. तुझ्या पुतणीला तू विचारलंस का, तुला कोरडी वाइन हवी होती की बारा टक्के हा आकडा हवा होता?

हौशी : तिने वहीत बारा लिहिलं आहे.

शंकेखोर : वहीत लिहिलेलं म्हणजे इच्छा नव्हे, बाप्पा. कुठल्या तरी पुस्तकातून उतरवलं असेल.

हौशी : असेल. पण काय हवं ते ठरवण्याआधी काय झालं आहे ते कळायला नको? तुमच्या घरी संधान झालं की नाही हे कसं बघायचे ते मला आठवतंय. पेटती काडी घटाच्या तोंडात धरायची. विझली तर आत कर्बवायू आहे, अजून आंबतंय. जळत राहिली तर झालं. घटाला कान लावून सळसळ ऐकायची. चुन्याची निवळी दुधाळ होते का ते बघायचं. परीक्षा हुशारीच्या आहेत, मी नाव ठेवत नाही. पण त्या तिन्ही परीक्षा एकच गोष्ट सांगतात : वायू निघायचा थांबला. का थांबला, हे त्यातली एकही सांगत नाही. साखर संपली म्हणून, थंडी पडली म्हणून, की यीस्ट मेलं म्हणून? काडी तिन्ही वेळा सारखीच जळणार. तुमच्या वडिलांना हे चालायचं, कारण त्यांचं माप, भांडं, जागा, ऋतू सगळं ठरलेलं होतं. पिढ्यान्पिढ्या तेच. फळ बदललं, गाव बदललं, की काडी मुकी होते.

शंकेखोर : आणि तुझं काचेचं नळकांडं बोलतं?

हौशी : थोडं जास्त बोलतं. तेही पूर्ण खरं बोलत नाही हे मी आधीच सांगतो. मद्यार्क पाण्याहून हलका, त्यामुळे हायड्रोमीटर उरलेली साखर आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. पण दोन आकडे असले की कारणांची यादी लहान करता येते. पुतणीच्या बाबतीत मला तीन संशय आहेत. पहिला, तळघर. तिकडे हिवाळा, तळघरात तेरा अंश. वाइनच्या यीस्टला सुरुवातीला तेवढ्यातही ढकलता येतं, पण मद्यार्क चढल्यावर त्याच थंडीत ते गारठून तळाशी बसतं. दुसरा, साल. तिने काही संत्री सालीसकट फिरवली. सालीतल्या तेलात लिमोनिन... नाही, लिमोनीन आणि लिमोनिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माझाही घोळ होतो. सालीच्या तेलातलं ते वासाचं द्रव्य, ते यीस्टला मारक आहे. साल सोलताना डोळ्यांत जी चुरचुरणारी फवारणी उडते ना, तेच. तिसरा संशय मला सगळ्यात मोठा वाटतो : नत्र. द्राक्षाच्या रसात यीस्टला लागणारं नत्र बऱ्यापैकी असतं, तरी तिथेही लिटरमागे दीडशे मिलिग्रॅमच्या खाली गेलं की जाणकार सावध होतात. तिने संत्र्याच्या रसात पाणी घातलं, वर साखर घातली. साखरेत नत्र नसतं, पाण्यातही नसतं. पोटभर भात आणि डाळीचा पत्ता नाही.

शंकेखोर : इथे तू माझ्या अंगणात आलास. थंडीने अडकतं हे मला ऐकूनच माहीत, आमच्याकडे उलटं. वैशाखात अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. यीस्टला पस्तिशीच्या पुढे त्रास सुरू होतो आणि चाळिशीला ते हात टेकतं. शिवाय आंबताना घट स्वतःची उष्णता काढतो ती वेगळी. म्हणून घट धान्याच्या राशीत पुरायचा. लोकांना वाटतं राशीत ऊब मिळावी म्हणून पुरतात. आमच्याकडे तो बाहेरच्या झळीपासून लपवायलाही पुरायचे. जुन्या शहरातल्या धाब्याच्या घरांत जाड मातीच्या भिंती, खाली पेव. दिवसाची आणि रात्रीची तफावत तिथे कळतसुद्धा नाही. भांड्याला आतून तूप चोळलेलं, तोंडाला कापडमाती. आणि धायटीची फुलं. मेळघाटातून यायची. त्यांच्यावर रानातलं यीस्ट येतं हे तुमच्या शास्त्राने नंतर सांगितलं. आम्हाला एवढंच ठाऊक होतं की धायटीशिवाय लागत नाही. पण नत्राबद्दल विचारतो. नत्र म्हणजे तू तिला काय घालायला सांगितलंस?

हौशी : डीएपी. डायअमोनियम फॉस्फेट.

शंकेखोर : म्हणजे खत! कपाशीला टाकतो ते?

हौशी : रसायन तेच, गोणी ती नव्हे. आपल्याकडे कोणी हे वाचून कृषी केंद्रात जाईल म्हणून मुद्दाम सांगतो. खताच्या गोणीतल्या डीएपीत खनिजाच्या दगडातून आलेले जड धातू आणि फ्लोराइड असतात. पिकाला चालतात, पोटाला नाही. वाइनसाठी खाण्याच्या प्रतीचं वेगळं मिळतं आणि तेही चिमूटभरच.

शंकेखोर : चिमूटभर असो की मूठभर, आता त्याचा उपयोग काय? मी जेवढं वाचलंय त्यावरून, मद्यार्क नऊ-दहा टक्क्यांकडे गेला की यीस्टला अमोनिया आत घेताच येत नाही. पेशीच्या आवरणाची दारंच बंद पडतात. नत्र द्यायचं ते सुरुवातीला, फार तर साखर एक-तृतीयांश खर्ची पडेपर्यंत. बसलेल्या बैलापुढे पेंड ठेवून तो उठत नाही. आणि जे यीस्टने खाल्लं नाही ते दुसरं कोणीतरी खाईल. रसात जिवाणू टपलेलेच असतात. म्हणजे तुझं औषध रोग्याला लागणार नाही आणि घरातल्या उंदरांना लागेल.

हौशी : हा आक्षेप बरोबर आहे. मी डीएपी मागे घेतो. आठ टक्क्यांना दार अर्धं उघडं असेल, पण त्या भरवशावर मी काही घालायला सांगणार नाही. खरं तर या अडकण्याचं मूळ बरंच आधी असतं, शेवटी ते फक्त दिसतं. पाश्चरने किण्वन म्हणजे हवेशिवायचं जगणं असं म्हटलं आणि ते लोकांच्या डोक्यात इतकं बसलं की पहिल्या दिवसापासून झाकण गच्च लावतात. पण १९५० च्या दशकात आंद्रेआसेन आणि स्टियर यांनी दाखवलं की हवा अजिबात नसेल तर यीस्टला पेशीचं आवरण बांधायला लागणारी स्निग्ध द्रव्यं स्वतः करता येत नाहीत. ती बाहेरून तरी द्यावी लागतात, नाहीतर सुरुवातीला थोडी हवा. आवरण कच्चं राहिलं की मद्यार्क चढल्यावर तेच आधी फाटतं. पुतणीने पहिल्या दिवसापासून एअरलॉक लावला होता. आठ टक्क्यांना जे घडलं त्याची तयारी पहिल्या दोन दिवसांत झाली होती.

शंकेखोर : म्हणजे आता काही करता येत नाही हेच तू सांगतोयस.

हौशी : नाही. जुन्या यीस्टला उठवता येत नाही एवढंच. नवी फौज उभी करता येते. कोरडं यीस्ट सरळ अडकलेल्या वाइनमध्ये टाकायचं नाही, त्यातलं बरंचसं मरतं. कोमट पाण्यात भिजवायचं, थोड्या गोड रसावर वाढवायचं, खाद्य द्यायचं ते इथे. फसफसायला लागलं की त्यात तेवढीच अडकलेली वाइन घालायची. पुन्हा फसफसलं की पुन्हा दुप्पट. असं करत करत मद्यार्काची सवय लावायची आणि मग सगळं एकत्र, वीस-बावीस अंशांना. त्याआधी जुनी वाइन गाळावरून काढून घ्यायची. यीस्ट आंबवताना काही स्निग्धाम्लं सोडतं, ती नव्याला बाधतात. बोर्दोच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात शोधलं की यीस्टच्या रिकाम्या पेशीभित्ती घातल्या तर त्या हे विष शोषून घेतात. मेलेल्याच्या सालपटांनी जिवंताची वाट मोकळी होते.

 

शंकेखोर : समजा हे सगळं जमलं. साखर संपली, बारा टक्के झाला. प्यालात काय उरलं? वरुड-मोर्शीकडे जा आणि संत्र्याचा रस काढून ठेवणाऱ्याला विचार. पिळल्या पिळल्या गोड लागणारा रस काही तासांनी कडू होतो. तू मघाशी ज्या दुसऱ्या द्रव्यात घोळ केलास ना, ते हे. बियांत आणि पांढऱ्या पापुद्र्यात असतं, रसात हळूहळू तयार होतं. संत्र्याच्या रसाचा धंदा या कडूपणाशी अजून झगडतो आहे. रस गोड आहे तोवर साखर तो कडूपणा झाकते. तू साखर शेवटच्या ग्रॅमपर्यंत खाऊ घातलीस, तर मागे राहील आंबट, कडू आणि पातळ पाणी. द्राक्षाला टॅनिनचा आधार असतो. संत्र्याला काय आहे? आणखी एक. यीस्ट आधी ग्लुकोज खातं, फ्रुक्टोज मागे ठेवतं. म्हणजे बरणीत उरलेल्या साखरेत फ्रुक्टोजचा वाटा मोठा असणार, आणि गोडीला ते साध्या साखरेहून वरचढ. कदाचित जिथे थांबली तिथेच ती सगळ्यात पिण्याजोगी असेल. तिला चाखून बघायला सांगितलंस का? आकडे तू तीनदा सांगितलेस, चव एकदाही नाही.

हौशी : चव विचारली नाही, खरं आहे. पण काका, चव चांगली असली तरी ती तशीच ठेवता येत नाही, हे तुम्ही सोडून देताय. शॅम्पेन बाटलीत फसफसवायला लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर घालतात आणि तेवढ्यावर आत सहा वातावरणांचा दाब होतो. त्यासाठी बाटलीची काचही जाड असते. पुतणीकडे त्याच्या तिप्पट साखर आहे. यीस्ट मेलंय की झोपलंय हे तिला माहीत नाही. तिने ती चवदार म्हणून साध्या बाटल्यांत भरली आणि एप्रिलमध्ये तळघर वीस अंशांवर गेलं, तर? थांबलेलं पुन्हा सुरू होणारच नाही, ही हमी तुमची काडी देत नाही आणि माझं नळकांडंही देत नाही. काहीच न करणं हाही एक निर्णयच आहे, फक्त तो थंडी घेते, आपण नाही.

शंकेखोर : मी बाटलीत भर म्हटलं नाही. पण तुझ्या बोलण्यातून मला वेगळीच अडचण दिसली, आणि ती माझ्या बाजूची आहे. आमची अरिष्टं टिकत, कारण साखर भरपूर आणि मद्यार्कही पुरेसा, दोघं मिळून पहारा देत. कोरडी वाइन टिकते, कारण जिवाणूंना खायला काही उरत नाही. हिची बरणी मधल्या ठिकाणी आहे. साखर आसवाएवढी नाही, मद्यार्क वाइनएवढा नाही. इथे दुग्धाम्लाचे जिवाणू साखरेवर बसले की त्यातून सिरक्याची आंबटी निघते, आणि ती आंबटी यीस्टला आणखी दाबते. म्हणजे ‘सिद्ध झालं’ म्हणण्याचा जो अधिकार मी वडिलांकडून आणला, तो या बरणीवर चालत नाही. त्यांच्या थांबण्याला साखरेचं संरक्षण होतं. हिचं थांबणं उघड्यावर आहे.

हौशी : मग तुम्ही माझ्या बाजूला आलात.

शंकेखोर : अजिबात नाही. तू म्हणतोस शेवटापर्यंत न्या. मी म्हणतो, उघड्यावर आहे तर संरक्षण द्या. केएमएसची, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची, योग्य मात्रा, जोडीला पोटॅशियम सॉर्बेट, आणि थंड जागा. आपल्याकडे स्क्वॅश करायला शिकवतात तिथे निम्मं हेच शिकवतात. गोडी राहील, संत्र्याचा वासही राहील.

हौशी : सॉर्बेट यीस्टला मारत नाही, वाढू देत नाही इतकंच. ते घालायचं तर आधी गाळ पूर्ण बसवून वाइन स्वच्छ काढून घ्यावी लागेल, आणि दुग्धाम्लाच्या जिवाणूंवर ते चालत नाही, तिथे गंधकाचीच मदत. त्याहून मोठं म्हणजे एकदा घातलं की मार्ग बंद. उद्या तिला वाटलं की गोड फार आहे, पुन्हा सुरू करू, तर सॉर्बेट असलेल्या वाइनमध्ये नवं यीस्ट उभं राहणार नाही. माझ्या मार्गाने नेली आणि कडू लागली, तर निदान वरून साखर घालून स्थिर करता येते.

शंकेखोर : वरून घातलेली साखर आणि फळाची उरलेली साखर एकच?

हौशी : रसायनाने जवळजवळ एकच. आणि तिच्या बरणीतली निम्मी साखर तशीही दुकानातलीच आहे.

शंकेखोर : हं. हे मला सुचलं नव्हतं.

हौशी : मग असं करू. तिला सांगतो, आज काही घालू नकोस. बरणी वर घरात आण, वीस अंशांना ठेव, गाळ हलक्या हाताने ढवळ आणि चार-पाच दिवसांनी आकडा बघ. हलला तर नुसती थंडी होती, आपलं सगळं भांडण फुकट. नाही हलला तर बरणीचे दोन भाग कर. एकात नवं यीस्ट, दुसऱ्यात तुमचं संरक्षण. चव सांगेल.

शंकेखोर : दोन भाग करायचे म्हणजे दोन अर्ध्या बरण्या, आणि दोन्हींत वर मोकळी जागा. त्या जागेत हवा. तुझ्या अर्ध्यात कर्बवायू निघून हवा हटेल, माझ्या अर्ध्यात काहीच निघणार नाही, तिथे हवा बसून राहील आणि वाइन बिघडवेल. मग तू म्हणशील, बघा, तुमची पद्धत हरली.

हौशी : लहान बरणी घ्यायला सांगतो, तोंडापर्यंत भरलेली.

शंकेखोर : सांग. पण ढवळण्याआधी एक चमचा काढून चाखायला सांग, आणि काय लागलं ते वहीत बाराच्या खाली लिहायला लाव. ढवळल्यावर ती चव पुन्हा मिळणार नाही.

हौशी : आणि कडू लागली तर?

शंकेखोर : तर तुझा आकडा आणि माझी गोडी, दोन्ही वादातून बाद. सालीचं काय करायचं ते मग तूच सांग, मला त्यावर उपाय माहीत नाही.